बेबाबाईंच्या शेजारी

मित्रांनो, मी पन्नास मिलिमीटरची एक जुनी लेन्स आहे. लेन्स म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा. माझी काच कुठल्या कारखान्यात घासली गेली ते आता आठवत नाही. आठवतं ते जळगावातलं सरदारचाचांचं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान. चाचा वारले आणि त्यांचा रेंजफाइंडर कॅमेरा व आम्ही तीन लेन्स त्यांच्या पुतणीकडे, पिंप्राळ्याच्या कहकशाकडे आलो.

या कॅमेऱ्यात फोटो काढणारा माझ्यातून बघत नाही. तो वरच्या छोट्या खिडकीतून बघतो. तिथे त्याला माणूस दोनदा दिसतो. माझं कडं फिरवलं की ती दोन चित्रं एकमेकांवर येतात. जुळली, की बटण दाबायचं. मी काय पाहिलं, ते फिल्म धुतल्यावरच कळतं.

कहकशाला रोज सोबत ठेवायला एकच लेन्स निवडायची होती. अठ्ठावीसच्या लेन्समध्ये अख्खा बाजार मावे, पण माणसं मोहरीएवढी होत. नव्वदची लावली तर इतकं मागे सरावं लागे, की लोक बुजत. मग तिने मला लावलं. दोन माणसं बोलायला उभी राहतात, तेवढ्या अंतरावरून मला माणूस छान दिसतो. "हीच!" ती म्हणाली. मला कोण आनंद झाला!

आम्ही पारोळ्याच्या बाजारात गेलो. तिथे बेबाबाई कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजून विकत होत्या.

"अक्का, एक फोटो काढू?"

"काढ ना वं माय," म्हणत त्यांनी पदर सावरला.

कहकशाने कडं फिरवलं. मागची भिंत जुळली, वांग्यांची टोपली जुळली. बेबाबाई काही जुळेनात. खिडकीत दोघी शेजारी शेजारी उभ्या. कहकशाने कडं पुन्हा फिरवून पाहिलं. तेवढ्यात त्यातल्या एकीने मान वळवून दुसरीकडे पाहिलं. कहकशा दचकली आणि बटण दाबलं गेलं. घाईघाईने तिने पिशवीत राहून गेलेली नव्वदची लेन्स लावून दुसरा फोटो काढला. तो लगेच जुळला.

घरी फिल्म धुतली. नव्वदच्या फोटोत बेबाबाई एकट्याच. माझ्या फोटोत दोघी.

"धूर होता तिथे, त्यामुळे असेल," कहकशा म्हणाली.

तिच्या भावाने, हसनैनने, फोटो उलटा ठेवला. "आपा, ही लेन्स घरात नको. विकून टाक."

फोटोसकट मला पत्र्याच्या डब्यात घातलं गेलं. पावसाळाभर मी तिथेच होते. दमट हवेने माझ्या काचेवर बुरशीचं जाळं धरलं. एवढी पारखून निवडलेली मी, आणि मलाच कोणी विचारेना.

पुढे धुळ्यात गिऱ्हाईक मिळालं. मला विकायला निघालेली कहकशा वाटेत पारोळ्याला उतरली आणि तिने नव्वदचा फोटो बेबाबाईंच्या हातात ठेवला. त्यांनी तो निरखून पाहिला.

"आनी दुसरी कोठे शे?"

"दुसरी कोण, अक्का?"

"मन्ही जुळी बहीण, तानी. सात वरीसनी व्हती तवय तापमा गई. तिना एक फोटो नही. पन तू फोटो काढा तवय ती मन्हा शेजारे उभी व्हती."

कहकशाने डबा उघडला आणि माझ्याखालचा फोटो काढून दिला. बेबाबाई घाबरल्या नाहीत. दुसरीच्या सुरकुत्यांवरून त्या कितीतरी वेळ बोट फिरवत राहिल्या.

"तू बी म्हातारी व्हई गई का वं, तानी!"

कहकशा धुळ्याला गेलीच नाही. तिने माझी बुरशी साफ करून घेतली. आता मी रोज तिच्या गळ्यात असते. बहुतेक माणसं जुळतात. एखादं जुळत नाही. तेव्हा तिच्या अंगावर आजही काटा येतो, पण ती कॅमेरा खाली घेत नाही. हळूच एक पाऊल मागे सरते.

मित्रांनो, लेन्सला बंद डब्यात कोंडू नका. तिला हवा लागू द्या, मऊ फडक्याने हलकेच पुसा. आणि कुणाचा फोटो काढाल, तेव्हा त्याच्या शेजारी थोडी जागा सोडा.