पौषातली पालवी

गोविंदराव मास्तरांना जाऊन पाच आठवडे झाले, तेव्हा त्यांची मुलगी हेमा पुन्हा टेकडीवर आली. सेलूहून वालूरची एसटी, पुढे पायी. चौदाव्या दिवशी ती परभणीला कॉलेजच्या ग्रंथालयात परत कामावर रुजू झाली होती. निघताना तिने चुलत्याला, किशनरावांना, विचारलं होतं, "काका, झाडं कोण बघेल?" ते म्हणाले होते, "अख्खं गाव बघंल. तू जा." आणि ती गेली होती.

टेकडी मास्तरांची स्वतःची, पण फाटकाला कुलूप कधी लागलं नाही. बहात्तरच्या दुष्काळानंतर त्यांनी हा मुरमाड उतार विकत घेतला, आडवे चर खणले, चराच्या काठाने बी जागेवरच टोचलं. प्रत्येक रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरलेलं एक मडकं. बाग बघायला येणाऱ्याने पायथ्याच्या विहिरीवरून एक घागर वर न्यायची आणि मडक्यात ओतायची, एवढाच तिथला दस्तूर. मडकं झिरपत राही आणि मुळं ओलीच्या मागे खाली जात. तिसऱ्या उन्हाळ्यात मात्र मास्तर मडकी उपटून पुढच्या चराला लावत. त्याला ते 'पाणी तोडणं' म्हणत, आईने अंगावरचं दूध तोडावं तसं. त्यानंतर झाडाने आपलं आपण बघायचं. गेल्या उन्हाळ्यात आसपासच्या विहिरी तळाला गेल्या, तरी मास्तरांची सीताफळं, आवळे, बोरी ताठ उभ्या होत्या.

आज फाटकाशी चार बैलगाड्या आणि एक जीप उभी होती. वाटेवर घागरी घेतलेल्या बायकांची रांग लागली होती. हेमाला बरं वाटलं, ते पहिल्या वळणापर्यंतच.

सीताफळांच्या चरात किशनराव उभे होते. पागोटं नवं होतं. तिला पाहताच त्यांचा चेहरा फुलला.

"ये, ये. बघ कसं फुटायलंय. परभणीहून लोकं यायलेत बघायला."

फांदीफांदीवर कोवळी, तुकतुकीत पालवी होती. हेमा बघत राहिली. पौषात सीताफळ पानं टाकतं, उन्हाळा काढायला निजतं. त्या निजेवर अण्णांनी, तिच्या वडिलांनी, बारा वर्षं पहारा दिला होता. बुंध्याभोवती कोणीतरी आळी केली होती, आळ्यांत चिखल होता. एक म्हातारी वाकून त्यात घागर रिकामी करत होती.

"हे कोणी सुरू केलं?"

"दहाव्याला पिंपळाला पाणी घातलं का न्हाई? उरलेलं कमलबाईनं हितं वतलं. आठ दिवसांनी झाड फुटलं." काकांनी आवाज खाली आणला. "तुझ्या बापाला पोचायलंय ते. तवापासून आपण म्हणलं, समद्यांनी हितंच घालायचं."

हेमाने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. कुणाचं तरी खुरपं चरात पडलं होतं. ते घेऊन ती बुंध्याशी बसली आणि माती उकरू लागली. वीतभरही जावं लागलं नाही. पांढरी, ओलसर मुळं वरच जाळ्यासारखी पसरली होती, आणि मातीला कुजका वास येत होता.

"अगं, काय करायलीस?"

"बघा. सगळ्यांनी बघा." तिचा आवाज चढला नाही, पण रांग थांबली. "ही मुळं खाली होती. तुम्ही वर बोलावलीत. चैत्रात विहीर आटेल, तेव्हा हे झाड काय पिईल? जागं झालेलं झाड उन्हात उभं राहून मरेल. अण्णांनी ह्यांचं पाणी तोडलं होतं, काका. तुम्ही त्यांच्या शेजारी उभे होतात."

"शिकलेली बोलायलीय," किशनराव लोकांकडे पाहून म्हणाले. "बापासाठी लोकं कोसभर चालत यायलेत, अन् ही त्यान्ला चिखल दाखवायलीय."

म्हातारीने रिकामी घागर कमरेवर घेतली. "मग बाई, आमी मास्तरला काय द्यावं?"

"काही देऊ नका."

शब्द तोंडातून गेल्यावर ते केवढे होते हे तिला कळलं. म्हातारीने पदर पुढे ओढला. दोघी-तिघी वळल्या. मागून कोणी म्हणालं, "चला गं, घरच्यांचंच मन न्हाई." हेमाने त्यांना थांबवलं नाही.

वरच्या अंगाने बायनाबाई काठी टेकत उतरत होती. अण्णांबरोबर पहिला चर खणणारी तीच. ती आली आणि धपकन दगडावर बसली.

"बोललीस ते बरं केलंस. म्या म्हणले तर मला वेडी म्हणले." मग तिने वर बोट केलं. "अन् वरच्या चराचं काय? औंदा टोचलेली पोरं हायत तिथं. मडकी ठणठणीत कोरडी. म्या दोन-दोन तांबे नेले, गुडघे न्हाई चालत. किसनरावाला सांगितलं, तर म्हणला, पावन्यान्ला येवढं वर कशाला चढवायचं."

हेमा काकांकडे वळली. त्यांनी पागोटं सारखं केलं. "मला वाटलं, तू येऊन बघशील," ते म्हणाले.

तिने यायला हवं होतं हे खरं होतं, म्हणूनच तिला ते सहन झालं नाही. वरच्या चराची बातमी अण्णांनी श्रावणात पोस्टकार्डावर कळवली होती: आवळा चाळीस, चिंच वीस, सगळं उगवलं. छातीत दुखतं हे मात्र एकाही कार्डावर नव्हतं. ते कार्ड एका पुस्तकात घालून ती विसरली होती.

तिने शेजारच्या बाईच्या डोक्यावरची भरलेली घागर न विचारता उतरवली, कमरेवर घेतली आणि चढायला लागली. घागर जड होती, पाणी चपलेत सांडत होतं. अण्णा त्या वयात ही चढण चढत होते, आणि त्यांना कोणी थांबवलं नाही, तिनेही नाही. अर्ध्यावर तिने मागे पाहिलं. बरेचजण फाटकाकडे उतरत होते. पाच-सहा बायका तिच्या मागे येत होत्या, तोंडं पाडून. ती म्हातारी विहिरीकडे निघाली होती, पुन्हा भरायला की घरी जायला, हे वरून कळत नव्हतं.

वरच्या चरात बोटभर काटक्या उभ्या होत्या. हेमाने पहिलीची साल नखाने खरवडली. आत तपकिरी. दुसरी तशीच. तिसरीही. चौथीत केसाएवढी हिरवी रेघ दिसली. तिने त्या रोपाशेजारच्या मडक्यात घागर ओतली. कोरडं मडकं पाणी पिताना चुरचुरलं.

"ह्यात घाला," ती मागच्या बाईला म्हणाली. "आणि बुंध्याला एक थेंबसुद्धा नको."

"एवढं वरडू नगंस बाई," ती बाई घागर कलती करत म्हणाली. "घालायलेच की."