आतल्या पानावरचं नाव

आम्ही इटलीतल्या जेनोवा बंदराची माणसं. पूर्वी आमचे खलाशी म्हणे पगार थोडा कमी घ्यायचे, पण जहाजावर कुरकुर करायची मुभा करारातच मागून घ्यायचे. तेव्हा माझ्या कुरकुरीला कुणी नावं ठेवू नयेत. माझा नवरा नेवियो मात्र या गावात चुकूनच जन्मला. सूप खारट झालं तरी 'छान झालंय' म्हणत संपवणारा माणूस. जन्मभर त्याच्या वाटची कुरकुरही मलाच करावी लागली.

नेवियोने पेन्शन येईपर्यंत शहराची बस चालवली. त्याआधी, केस खांद्यावर होते त्या दिवसांत, तो एका रॉक बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. त्या काळचा रॉक तो! एक गाणं सुरू झालं की बाईने भांडी घासावीत, कपडे वाळत घालावेत, खाली जाऊन भाजी आणावी, तरी आपलं ते चालूच. बँड मोडला तसं त्याला रोमहून बोलावणं आलं. एका वेड्या डॉक्टरचा भयपट होता. त्याचं संगीत माएस्त्रो आर्देंगी करणार होते आणि नेवियोने फक्त कीबोर्ड वाजवायचा होता. पण माएस्त्रोंचं यकृत दुखत होतं आणि तारीख तर गळ्याशी आलेली. सोफ्यावर आडवे पडून ते म्हणाले, मुला, तूच काहीतरी वाजव. या पठ्ठ्याने सगळा चित्रपट वाजवून काढला. मेलोट्रॉन नावाचं एक कपाटाएवढं धूड होतं तिथे. कळ दाबली की आत फीत फिरायची आणि व्हायोलिनं रडायची. नेवियोने त्याच्याकडून असं काही रडवून घेतलं की आजही ते ऐकताना मी स्वयंपाकघराचा दिवा लावते.

रेकॉर्ड निघाली आणि तिच्यावर नाव आलं माएस्त्रो आर्देंगींचं. चोरी म्हणावी तर चोरी नाही. त्या काळी संगीतकार म्हणून नाव लावायचं तर संगीतकारांच्या मंडळाची परीक्षा द्यावी लागायची, कागदावर सूर लिहून दाखवावे लागायचे. नेवियो कानाने वाजवणारा. तो परीक्षेला बसला आणि नापास झाला. मग ज्यांचं नाव मंडळात होतं त्यांनी सही केली. असं तेव्हा सर्रास चालायचं, अशी कितीतरी माणसं होती. नेवियोने कधी ब्र काढला नाही. चित्रपट आठवड्यात उतरला, रेकॉर्ड कुणी घेतली नाही, आणि हा बसच्या भरतीला उभा राहिला.

पुढे काय झालं देव जाणे, पण त्या न खपलेल्या रेकॉर्डसाठी जगभरची माणसं वेडी झाली. तोक्योतून, हाम्बुर्गहून माणसं आमच्या बंदरामागच्या गल्ल्यांत येऊन जुनी खोकी उपसायला लागली. एवढं सगळं चाललेलं आणि आम्हाला पत्ताच नाही. कळलं ते फुल्वियो घरी आला तेव्हा. फुल्वियो म्हणजे साठीचा, अविवाहित, खिशात कायम मऊ फडकं बाळगणारा माणूस. जुन्या दुर्मीळ रेकॉर्डी हुडकायच्या, हक्क मिळवायचे आणि थोड्याच प्रती नव्याने काढायच्या, हा त्याचा धंदा. आमच्या डॉक्टरच्या भयपटाची मूळ फीत त्याला एका तळघरात मिळाली होती. खोक्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'सगळं नेवियोने वाजवलं'. म्हणून तो विचारत विचारत आमचे चार मजले चढून आला होता.

नेवियोची फुप्फुसं तोवर गेलेली होती. नाकात नळी, बाजूला चाकांवरचं ऑक्सिजनचं नळकांडं. फुल्वियो गेल्यावर तो म्हणाला, "एर्सिलिया, एकदा माझं नाव त्या रेकॉर्डवर छापलेलं बघायचंय गं."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण या माणसाने माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. नवीन शर्टसुद्धा नाही. मी म्हटलं, छापेल, छापेल नाही तर जाईल कुठे! फुल्वियोला फोन करून मी सांगितलं की संगीत नेवियो कानेपा असं ठसठशीत अक्षरांत पाहिजे. त्याने आनंदाने होकार दिला, आणि तो मनापासून होता, हे मीही मान्य करते.

मग घोडं पेंड खायला लागलं. माएस्त्रो कधीच वारले होते, पण त्यांच्या वारसांचा वकील जिवंत होता. मंडळाच्या दप्तरी जे नाव आहे तेच संगीतकार म्हणून राहील, नाहीतर हक्क विसरा, असं त्याने कळवलं. बरं, संगीत नाही तर नाही. मागच्या बाजूला निदान 'कीबोर्ड: नेवियो कानेपा' असं तरी? फुल्वियोने तसं कव्हर करून इंटरनेटवर टाकलं आणि त्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांनी त्याला उभा जाळला. मूळ कव्हरवर ही ओळ नाही! नवी आवृत्ती मुळाबरहुकूम हवी. मूळ कव्हरवर एका गाण्याचं नाव चुकीचं छापलंय, ती चूकही तशीच हवी. कोपऱ्यात शाईचा डाग पडलाय, तोही हवा. डाग चालतो, माझा नवरा चालत नाही! आगाऊ नोंदणी केलेली माणसं धडाधड नावं मागे घ्यायला लागली. फुल्वियो आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. त्याचं बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

तो म्हणाला, "सिन्योरा, बाहेरून काही बदलता येणार नाही. पण आत एक सुटं पान घालतो. त्याच्यावर सगळी हकिकत आणि वर नेवियोंचं नाव."

मी तोंड उघडणार होते, पण नेवियो म्हणाला, "आत छान आहे. आत धूळ बसत नाही."

फुल्वियोने ते पान मला फोनवर दाखवलं. नेवियोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि त्या फुप्फुसांपायी डॉक्टर शस्त्रक्रियेला हात लावेनात. त्याला त्या चकाकत्या काचेवर काही दिसेना. असू दे, कागदावर बघेन, म्हणाला.

रेकॉर्डी ऑक्टोबरात आल्या. शनिवारी बंदराजवळच्या सभागृहात रेकॉर्डींचा बाजार भरतो, तिथे फुल्वियोने टेबल लावलं आणि नेवियोला खुर्ची दिली. नेवियोने टाय बांधला होता. मी फोकाच्या नेली होती. तेलाने माखलेला आमचा तो चपटा पाव टेबलावर ठेवला तेव्हा फुल्वियोला घेरी यायचीच बाकी राहिली. कव्हरांना डाग पडतील म्हणून त्याने तो पाव खुर्चीखाली लपवला.

मी टेबलावरची एक रेकॉर्ड उचलली. चहूबाजूंनी ताणून बसवलेलं प्लास्टिक. म्हटलं, फुल्वियो, हे फाड रे, नेवियोला पान दाखवू दे. त्याचा चेहरा पडला. प्रत्येक प्रतीवर क्रमांक आहे, म्हणाला, सगळ्या आधीच विकल्या गेल्यात. पण एक तुमच्यासाठी राखून ठेवली आहे, ती घरी जाऊन निवांत उघडा. मी म्हटलं ठीक, तोवर कुणी ना कुणी गिऱ्हाईक आपली उघडेलच.

कसचं काय! ढेरपोटी, टक्कल पडलेली, शहाण्यासुरत्या घरची माणसं येत होती. प्रत प्रकाशात तिरकी धरायची, कोपरे चाचपायची, चक्क हुंगायची आणि पिशवीत टाकायची. एकानेही प्लास्टिकला नख लावलं नाही. तोरिनोहून आलेल्या तित्सियानो नावाच्या एका सभ्य माणसाने दोन प्रती घेतल्या. मी त्याची बाही धरली. विचारलं, दोन कशाला? एक जपून ठेवायला, तो म्हणाला. आणि दुसरी? तो जरा लाजला. दुसरीही जपूनच ठेवायला, पहिलीला काही झालं तर. मग ऐकता कशावर? फोनवर, म्हणाला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली!

मी सरळ सांगून टाकलं, की हे जे टाय बांधून बसलेत ना, तुम्ही फोनवर ऐकता ते यांनी वाजवलंय. वाजवलंय काय, रचलंय.

खोटं कशाला बोलू, त्या माणसाचे डोळे भरून आले. तो नेवियोसमोर गुडघे टेकून बसला आणि दुसऱ्या बाजूचा शेवटचा तुकडा गुणगुणून दाखवायला लागला. तिथे तो सूर मध्येच खाली घसरतो, ते कसं केलंत? नेवियोचा चेहरा असा खुलला, बसवर पहिल्या दिवशी बसला होता तेव्हाही असा नव्हता. केलं नाही हो, तो म्हणाला, आतली फीत अडकली होती, मी धुडावर कोपर टेकवून जोर दिला. दोघंही हसले. हसता हसता नेवियोला खोकला आला, मी पाठ चोळली. मला वाटलं, मिळालं बाई, एक तरी माणूस मिळालं.

म्हणून मी म्हटलं, "सही घ्या ना यांची. कव्हरवर घ्या."

तित्सियानो घुटमळला. त्याने रेकॉर्डीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सिन्योरा, रागावू नका," तो अगदी हळू म्हणाला. "यांचं नाव कव्हरवर नाहीये. उद्या कुणी बघितलं तर म्हणेल, कुणीतरी रेघोट्या मारल्यात." त्याने खांद्यावरची कागदी पिशवी सोडवली आणि पेन पुढे केलं. "यावर करतील का?"

नेवियोने पिशवीवर सही केली. वर तारीखही घातली आणि 'धन्यवाद' म्हणाला. मला जेनोवाच्या सगळ्या शिव्या येतात, माझ्या बापाने बंदरातून आणलेल्यासुद्धा. त्या वेळी एकही तोंडातून फुटली नाही.

घरी येताना बसमध्ये त्याने आपली प्रत मांडीवर धरली होती. चार मजले चढायला आम्हाला खूप वेळ लागला. कोट न काढताच मी कात्री आणली. चष्मा पुसला, त्याच्यासाठी भिंग काढलं, टेबलावरचा दिवा ओढला.

"अगं थांब," नेवियो म्हणाला. "कापू नकोस."

"का?"

"तो तोरिनोवाला सांगत होता, आहे तशी ठेवली तर पुढच्या वर्षी तिप्पट भाव येईल. उघडली की गेलं."

"मला नको तुझा भाव. तुला नाव बघायचं होतं ना?"

"आत आहे ना ते? तू बघितलंयस फोनवर." त्याने माझ्या हातातली कात्री काढून घेतली. "मी गेल्यावर बसवाल्याचं अर्धं पेन्शन तुला किती पुरणार? माझ्याकडे दुसरं आहे काय तुला द्यायला, एर्सिलिया? हे असू दे."

मी भांडले. रडले. त्याला कंजूष म्हटलं, जेनोवेझे म्हटलं, म्हणजे अस्सल जेनोवाचा चिकट, आमच्यात याहून मोठी शिवी नाही. तो हसत होता. जन्मात पहिल्यांदा त्याने माझं ऐकलं नाही, आणि तेही माझ्याचसाठी. आता यावर माणसाने काय करावं? मी रेकॉर्ड कपाटात चादरींच्या मध्ये उभी ठेवली.

नोव्हेंबरात तो गेला. सकाळी कॉफी मागितली आणि ती उकळेपर्यंत गेला.

आमच्याकडे माणूस गेला की मोहल्ल्याच्या भिंतींवर त्याच्या नावाचे कागद लावतात. अंत्यविधीवाल्याने विचारलं, नावाखाली काय लिहू? मी म्हटलं, संगीतकार. त्याने मान वर केली नाही, लिहून घेतलं. कुणाची परीक्षा नाही की वकील नाही. दुसऱ्या दिवशी बेकरीच्या शेजारच्या भिंतीवर ते लागलंही: काळी चौकट, ठळक काळी अक्षरं, नेवियो कानेपा, संगीतकार. रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येत होतं. त्याच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांनासुद्धा वाचता आलं असतं. मी तिथे उभी राहिले ती कितीतरी वेळ हललेच नाही.

बेकरीवाली ओर्नेल्ला हात पुसत बाहेर आली. आमची जुनी ओळख, नेवियोच्याच बसने ती शाळेत जायची. तिने मला मिठी मारली, माझ्यासाठी रडली. मग भिंतीकडे बघून प्रेमानेच म्हणाली, "एर्सिलिया, अगं त्यांनी चुकीचं छापलंय. नेवियो तर बस चालवायचे. जाऊन सांग, बदलून देतील."

पुरावा घरी होता, कपाटात, चादरींमध्ये, आणि त्याच्यावरचं प्लास्टिक कापायचं नाही असं तो मला सांगून गेला होता. मला कुरकुरसुद्धा करता येईना.

"हो," मी म्हटलं, "चुकलंच असेल." आणि एकटीपुरता पाव घेऊन घरी आले.