नत्थूजींचा ठेका

"थैली उघडा," मी म्हटलं.

दारात टांगा उभा होता आणि आमचे हे कापडी थैली पोटाशी धरून उभे. हे म्हणजे नत्थूजी तबलजी. आमचा अख्खा महाल मोहल्ला त्यांना याच नावानं ओळखायचा. नाव घेतलं म्हणून रागवायला आता ते राहिले नाहीत, म्हणून घेते.

"काही नाही वं, दुपट्टा हाये," ते म्हणाले.

"दुपट्ट्याले एवढं वजन असते काय? उघडा म्हणते ना!"

थैलीतून तबला निघाला. सोबत तो सुरात लावायची हातोडीसुद्धा.

"बाप्पा! तेथं तीस माणसं आहेत वाजवायले. तुमचं काय काम तेथं?"

"तेच तं म्हणतो मी. तीस माणसं आपल्या पोरीच्या मांगं काहून बसून राहिले? फुकटात कोणी कोणाच्या मांगं बसते काय?"

मी तबला आत नेऊन ठेवला आणि दाराला कडी घातली. पण टांग्यात बसताना यांचा चेहरा पाहिला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस आज काहीतरी करणार.

सन चौतीसची ही गोष्ट. आमची गोपिका तेव्हा अठरा वर्षांची. मिशनच्या शाळेत डिकॉस्टा मास्तर म्हणून गोव्याकडचे एक म्हातारे बाजा शिकवायचे, त्यांच्याकडे ती फिडल, म्हणजे व्हायोलिन, शिकली. त्या संध्याकाळी सीताबर्डीवरच्या एका हॉलमध्ये ती गोऱ्या लोकांचं मोठं संगीत वाजवणार होती. कामठीच्या छावणीतले बँडवाले, रेल्वेतले काही अँग्लोइंडियन, मिशनच्या मडमा, असे सगळे मागे बसणार आणि पुढे आमची पोर एकटी उभी राहणार. जबलपूरच्या शाळेची मोठी बाई मुद्दाम ऐकायला आली होती. तिला पसंत पडलं तर गोपिकाला तिथं संगीत शिकवायची नोकरी मिळणार होती, राहायला खोलीसकट. नाही पडलं तर नरखेडचं स्थळ होतंच. संत्र्यांचा बगीचा मोठा, पण नवरदेव बिजवर. पोरीला यातलं काय हवं होतं ते सांगायला नकोच.

यांना मात्र सगळ्याचाच संशय. त्याला कारणही होतं. उभा जन्म यांनी दुसऱ्यांच्या बाजूला बसून ठेका धरला. कीर्तन असो, भजन असो, नाटक असो, मधली जागा यांची कधीच नव्हती. साथीदाराच्या पोटात काय काय असतं ते यांना पुरतं ठाऊक. उमरेडचा एक कोवळा गवई एकदा भर बैठकीत तान घेत होता, आणि त्याच्या तबलजीनं नुसत्या जळफळाटापायी तबल्यावरून हात उचलून घेतले. पोरगा बेताल झाला, लोक फिदीफिदी हसले आणि तो पुन्हा कधी गायला बसला नाही. हे तेव्हा श्रोत्यांत बसले होते. तेव्हापासून साथीदार म्हटला की यांचा आधी अविश्वास. हा किस्सा ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

आणि खरं सांगू? संशय मलाही होता, पण तो पोरीचा. कित्येक दिवस ती शाळेतून उशिरा यायची. विचारलं तर म्हणायची, प्रॅक्टिस. घरी वाजवायला बसली की हे हौसेनं तबला काढायचे आणि तिच्या इंग्रजी गतीखाली आपला तीनताल घालायचे. कुठेकुठे तो बसायचाही. तेव्हा ही यांच्याकडे बघायचीच नाही, नजर चुकवायची. मी म्हटलं, झालं! कोणीतरी पोरगा आहे. रेल्वेतला तर नसेल ना मेला?

हॉलमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसलो. डिकॉस्टा मास्तरांनी हातातली काडी उचलली आणि मागचे सगळेच्या सगळे एकदम वाजवायला लागले. गोपिका मात्र फिडल खाली धरून नुसती उभी. वाजवणं संपता संपेना आणि हिची पाळी येता येईना.

"पाहून राहिली ना?" हे माझ्या कानाशी लागले. "तिले वाजवूच देऊन नाही राहिले."

"चूप बसा जी."

"तो मिशीवाला पाह्य. आताच बाजूच्याकडे पाहून हासला. काहीतरी शिजून राहिलं तेथं."

मी पाहिलं. मेला खरंच हसत होता.

मग गोपिकानं फिडल खांद्याला लावली. काय सांगू! ते संगीत मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. पण पुढच्या रांगेतल्या बायकांच्या टोप्या हलायच्या थांबल्या, एवढं मला दिसलं. जबलपूरची बाई खुर्चीत पुढे सरकून बसली. मागचे तीसजण माझ्या पोरीच्या मागोमाग चालले होते. यांची बोटंसुद्धा गुडघ्यावर हलायला लागली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात सगळे थांबले. एकदम. मास्तरांनी काडी खाली घेतली. मिशीवाल्यानं आपलं वाद्य मांडीवर आडवं ठेवलं. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये गोपिका एकटी वाजवत राहिली.

"सोडलं!" हे म्हणाले. तोंड पांढरंफटक पडलं होतं. "हरामखोराईनं सोडलं तिले!"

मी काही म्हणायच्या आत यांनी समोरच्या बाकाच्या पाठीवर ठेका धरला. धा धिं धिं धा. लाकूड खणखणलं. माणसं वळून पाहू लागली. गोपिकाचा गज थरथरला, एक सूर चिरकला. जबलपूरच्या बाईनंही मान वळवली.

मी यांचे दोन्ही हात धरले आणि माझ्या मांडीवर घट्ट दाबून ठेवले. एवढ्या लोकांत! लग्न झाल्यापासून चारचौघांत मी यांच्या बोटालाही कधी बोट लावलं नव्हतं.

"सोड वं! पोर बुडून राहिली!"

"नाही बुडत. तिच्या तोंडाकडे पहा."

तिनं डोळे मिटले होते, आणि त्या चेहऱ्यावर भीती म्हणून नव्हती. ती वर गेली, खाली आली, धावली, मध्येच थबकली. खाली कुणाचाच आधार नाही. माझ्या तळव्याखाली यांची बोटं चालूच होती, बिनआवाजाची. सम धरायला पहायची, ती निसटायची. पुन्हा धरायची, पुन्हा निसटायची. उभ्या जन्मात या माणसाची सम चुकली नव्हती. हळूहळू ती बोटं मंदावली आणि थांबली. मला रडू आलं. पोरीसाठी नाही, यांच्यासाठी आलं.

मग गोपिकानं एक लांब सूर धरला, मास्तरांनी काडी उचलली आणि तीसही जण एका दमात येऊन तिला मिळाले. एकही मागं राहिला नाही. मिशीवालासुद्धा.

शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. जबलपूरची बाई स्वतः उठून गेली आणि तिनं पोरीचे हात हातात घेतले. आम्ही बाहेर टांग्यापाशी थांबलो होतो, तिथं गोपिका धावत आली.

"आई, झालं वं! पुढच्या महिन्यात बोलावलं!" आणि मग जरा थांबून म्हणाली, "मधातच कोण ठोकून राहिलं होतं?"

"असन कोणी साहेबाचा चपराशी," मी घाईनं म्हटलं.

"मी होतो," हे म्हणाले.

गोपिकानं वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"मले वाटलं त्याईनं तुले दगा देला."

"दगा नाही बाबा. तेथं सगळ्यायनं थांबायचंच असते. वाजवणाऱ्यानं एकट्यानंच वाजवायचं, अशी रीतच आहे त्याईची. तेवढाच तुकडा मी शाळेत थांबून शिकत होती."

म्हणजे पोरगा-बिरगा काही नव्हता. माझी मलाच शरम वाटली.

"मंग घरी कधी काहून नाही वाजवला?" यांनी विचारलं.

"घरी तुम्ही तबला घेऊन बसता." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "नको कसं म्हणू?"

"म्हणायचं होतं."

"अन् मागचे सगळे थांबतात म्हटलं असतं तं तुम्ही मले इथं येऊ देलं असतं?"

यांनी टांग्याच्या पायरीवर पाय ठेवला. मग म्हणाले, "नाही."

टांगा निघाला. पोर माझ्या खांद्याला टेकून झोपली. हे पुढे टांगेवाल्याशेजारी बसले होते, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपिकानं फिडल काढली. तिच्या उजव्या हाताला यांची ठरलेली जागा होती, तिथं ती अवघडून बघत राहिली. हे आले, पण तिथं बसले नाहीत. समोर गेले आणि भिंतीला टेकून मांडी घातली.

"वाजव बाई," ते म्हणाले. "तो एकटीचा तुकडा वाजव."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी चुलीपुढून मान डोलावली. ती वाजवू लागली. यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, आणि तिचं वाजवून होईपर्यंत ते बाहेर काढले नाहीत.