बोरमाळ आणि गुंडाळलेला पडदा

मित्रांनो, माकणी गावातल्या एका गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांवर अंथरलेला मी एक जुना पडदा आहे. माझ्यावरचा रंग नीट पाहिलात, तर अजून गिरणीचे धुराडे दिसेल.

तेव्हा निजामाचे राज्य होते. चार माणसे जमली, तरी शिपाई येऊन कशासाठी जमलात म्हणून विचारी. अशा दिवसांत शरणबसप्पा या व्यापाऱ्याने जत्रेसाठी नाटक लिहिले. गावाकडचे कुटुंब पोटासाठी सोलापूरला जाते आणि थोरला मुलगा तिथे चोरांच्या टोळीत सापडतो, अशी ती गोष्ट होती. माझ्या जाड कापडावर सोलापूरची चाळ रंगवली आणि खाली बांबू शिवला. शिपाईसुद्धा पुढे बसून माझ्याकडे संशयाने पाहत होता.

चोर झाला बब्रुवान. तो गिरणीत काम करून नुकताच बायकोसह परतला होता. आई झाला माणिकप्पा. नाटकात खरे दागिने मागून आणून घालायची आमच्याकडे रीत होती. त्याच्या गळ्यात गावातल्या सिद्धम्मांकडून मागून आणलेली सोन्याची बोरमाळ होती.

शेवटच्या प्रवेशात चोर आईची माळ हिसकावतो आणि पस्तावून तिच्या पायाशी टाकतो. बब्रुवानने टाकलेली माळ घरंगळत माझ्या बांबूपाशी आली. मी खाली पडत होतो, टाळ्या वाजत होत्या. माळ माझ्या घडीत अडकली. आरती झाली आणि मला तसेच गुंडाळले.

सकाळी माळ सापडेना.

"हिसकली कुनी? समद्या गावानं बघितलं की!" माणिकप्पा म्हणाला.

"आरं, ते नाटकात!" बब्रुवान म्हणाला.

"नाटकातला हात बी तुझाच व्हता न्हवं? सोलापूरनं झोकात चालनं शिकवलं, तसं हे बी शिकवलं असंल."

लोक हसले. मग हसू थांबले आणि सगळे त्याच्याकडे नुसते बघत राहिले.

"पडदा तरी उघडून बघा की," सिद्धम्मा म्हणाल्या.

"न्हाय सिद्धम्मा," शरणबसप्पा म्हणाले. "आरती झाल्यावर पडदा सोडायचा न्हाय, अपशकुन हुतो. पुढच्या जत्रंला, नारळ फोडूनच."

माळ माझ्या पोटात होती आणि मला तोंड नव्हते. त्या दिवसापासून बब्रुवान दारावरून गेला की बायका भांडी आत घेत. कुणी त्याला कामाला बोलावीना. शेवटी माझ्यासमोरूनच ती दोघे नवराबायको डोक्यावर गाठोडी घेऊन पुन्हा सोलापूरला निघाली.

"तिकडं खेडवळ म्हनत्यात, हिकडं सोलापुरी," त्याची बायको कडूबाई म्हणाली. "आपलं गाव कंचं वो?"

बब्रुवानने डोक्यावरचे गाठोडे सावरले आणि पाऊल उचलले.

पुढच्या जत्रेला नारळ फुटला, दोरी सुटली. मी उलगडलो आणि बोरमाळ खणकन फळ्यांवर पडली. सिद्धम्मांनी ती उचलली, पण गळ्यात घातली नाही.

"सोलापूरला कोन चाललंय?" त्यांनी विचारले. "त्याला म्हनावं, माळ घावली. गावाला ये."

निरोप गेला. बब्रुवान आला नाही. त्या वर्षी चोराचे काम करायला कुणीच पुढे आले नाही. सोलापूरची चाळ रात्रभर रिकामी लोंबत राहिली. पुन्हा ते नाटक झाले नाही, आणि मी गोठ्यात आलो.

मित्रांनो, जाड कापड वर्षभर गुंडाळून ठेवू नका, त्याला कसर लागते. मधून मधून उघडून ऊन द्या. आणि कुणावर संशय आलाच, तर त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्या घरात काय उघडायचे राहिले आहे, ते एकदा पाहून घ्या.