स्लावाच्या दिवशी लावलेलं दार

"पर्सिदाला लाज म्हणून काही उरलीच नाही," असं भिंतीला ऐकवत स्तामेंकाने गव्हाच्या ताटावरचा रुमाल चौथ्यांदा उचलला. उकडून, अक्रोड घालून, वरून पिठीसाखर दाबून बसवलेल्या त्या ढिगाला अजून एकाही चमच्याची खूण नव्हती. दुपारचे तीन वाजून गेले होते.

स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. या दिवशी आमंत्रण नसतं. ज्याला यायचं तो येतो, दारातच चमचाभर गहू तोंडात टाकतो आणि मग बसतो. दार लावून घेतं ते फक्त मयताचं सुतक असलेलं घर. तिचा नवरा ग्वोझ्देन देश सोडून येऊन हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात लागला त्या वर्षी घरात खुर्च्या दोनच होत्या, तरी अकरा माणसं आली होती. तो वारल्यावर स्लावा मुलाकडे, मोमिरकडे आली, पण राबणारे हात स्तामेंकाचेच राहिले. आजही कोबीच्या पानांत खिमा वळून तिने सव्वाशे सार्मा लावल्या होत्या. आणि जी तिच्या लग्नात साक्षीला उभी होती, जी दरवर्षी सगळ्यांच्या आधी येऊन शेगडीजवळची जागा अडवायची, त्या पर्सिदाचा पत्ता नव्हता.

तिने फोन लावला.

"पर्सिदे, पाय मोडला का? का दुसरीकडे फुकटचं मिळालं?"

पलीकडून पर्सिदा एकेक शब्द सुटा करून, तान्ह्या पोराशी बोलावं तशी मोठ्याने म्हणाली,

"स्तामेंका, मी पर्सिदा. ओळखलंस का गं?"

"न ओळखून सांगते कुणाला? पन्नास वर्षं माझ्या सार्मेला मीठ कमी म्हणून नावं ठेवतेस."

"अगं बाई! तू तर धडधाकट आहेस की."

"मला काय धाड भरलीय?"

पर्सिदा चाचरली. रविवारी चर्चमध्ये पाद्रींनी वाचून दाखवलं होतं, यंदा या घरी पाहुणे घेणार नाहीत. चिठ्ठी मोमिरची होती.

"तुला माणसं कळत नाहीत, म्हणाला. घाबरून ओरडतेस, म्हणाला. रडले गं मी. मेणबत्ती लावली तुझ्या नावाने."

"वरच्या कप्प्यात की खालच्या?"

"वरच्याच गं! जिवंतांच्या."

"उपकार झाले," म्हणून स्तामेंकाने फोन ठेवला.

रविवारी 'रस्ता निसरडा आहे, घरीच थांब' म्हणाला तो मोमिरच. आज सकाळी 'तुझे गुडघे दुखतील' म्हणत सणाचा पाव चर्चमध्ये नेऊन कापून आणला, तोही मोमिरनेच. पाव घरी ठेवून तो कामावर गेला, तेव्हा शेजारणीला हाक मारून स्तामेंकाने सांगितलं होतं, लेक असावा तर असा.

साडेपाचला तो आला. बूट काढायला वाकला आणि आतलं मांडलेलं टेबल बघून तसाच राहिला.

"आई, घरच्यापुरतंच कर म्हणालो होतो ना?"

"कुणी आलं नाही."

"थंडी आहे. लोकंही म्हातारी झालीत आता."

त्याला बुटाची गाठ सुटेना.

"पर्सिदाशी बोलले मी."

गाठीवरची बोटं थांबली.

"तुझ्यासाठीच केलं, आई. गेल्या वर्षी सणानंतर तीन दिवस अंथरुणात होतीस. नुसतं 'नको' म्हटलं असतं तर ऐकलं असतंस? आणि लोकांनी तरी ऐकलं असतं? काहीतरी सांगावं लागतं."

स्तामेंकाने खुंटीवरून त्याचा मफलर काढला, त्याच्या गळ्यात घातला आणि लहानपणी घालायची तशी घट्ट गाठ मारली. मग बाहेरचं दार सताड उघडलं. गार वारा थेट टेबलापर्यंत गेला.

"मी इथे पानं वळत होते, मोमिर, आणि तू तिकडे माझं सुतक धरलं होतंस. आज ते फिटलं म्हणायचं. आता मी खरी मरेन, तेव्हा तू यायचं नाहीस."