हातमोज्याचा आजार

आमच्या लाँड्रीच्या गच्चीवर सकाळी आठपासून रांग लागायची, आणि एकाच्याही हातात धुवायचा कपडा नसायचा! चादरी वाळवायच्या तारेवर पिवळ्या तुऱ्याचा पांढराशुभ्र पक्षी येऊन बसला होता. असा पक्षी कुणी कधी पाहिला नव्हता. त्याच्यामागून तिसऱ्या दिवशी कुठलासा बाबा उगवला.

"हा स्वर्गातून उतरलाय!" बाबा गरजायचा. "ज्याच्यापुढे मान झुकवील त्याचा रोग गेला. औषधं बंद!"

कुणाला तो म्हणे, "बोट पुढे कर." कुणाला म्हणे, "मूठ धर." पक्षी काहींपुढे मान झुकवी, काहींकडे ढुंकूनही बघत नसे. ते पापी! आणि योगायोग बघा, पापी नेमके रिकाम्या हाताने आलेले असत. फळांची करंडी आणणारे एकजात पुण्यवान.

माझी वहिनीही पुण्यवान ठरली. टीबीच्या गोळ्यांचे चार महिने झाले होते, दोन उरले होते. तिने डबी कपाटात टाकली. दादाने तिच्यापुढे हात जोडले, मी ओरडलो.

"तुम्ही देवापेक्षा शहाणे का, भाऊजी?" वहिनी म्हणाली.

आठवड्याभरात खोकला परत आला, तरी ती ऐकेना. माझा जीव टांगणीला लागला. शेवटी मावशीला बोलावलं. मावशी निवृत्त नर्स. आता गळ्यात दुर्बीण अडकवून पक्ष्यांच्या नोंदी ठेवते. तिने रांगेतल्या लोकांचे हात बघितले, मग एकदाच वर पाहिलं.

"अरे, हा काकाकुवा! परदेशी पक्षी, कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलाय. पायातलं कडं बघ की. इथली गरम हवा मानवली त्याला."

मग तिने ब्लीचच्या बादलीजवळचा रबरी हातमोजा उचलला, त्यात चिंध्या कोंबल्या, झाडूच्या दांड्याला बांधला आणि त्याचं एक बोट पक्ष्यापुढे धरलं. पक्ष्याने लगेच मान झुकवली!

रांग मोडून सगळे पुढे सरसावले.

"काय रे बाबा, या हातमोज्याला कोणता आजार होता?" मावशीने विचारलं. "हा माणसाळलेला आहे. बोट दिसलं की मान खाजवून घ्यायला वाकतो, मूठ दिसली की नाही. बोट कुणी धरायचं आणि मूठ कुणी, ते तू ठरवत होतास!"

"कोप होईल, कोप!" म्हणत बाबा जिन्याकडे सरकला. करंडी मात्र विसरला नाही.

वहिनी पुढे आली. तिने बोट धरलं, मान झुकली. मूठ धरली, पक्षी भलतीकडेच बघू लागला.

"आणि मी अकरा दिवस..." पुढचं खोकल्यात गेलं.

तपासण्यांत जंतू पुन्हा सापडले, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या पहिल्यापासून सुरू केल्या. उरलेल्या दोन महिन्यांचे सहा झाले. पक्ष्याचा यात काडीचा दोष नाही, त्याला फक्त मान खाजवून हवी होती. डोकं आपण चालवायचं होतं. म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तपासून बघा. मावशीला त्यासाठी पाच मिनिटं लागली. न तपासल्याची भरपाई वहिनी अजून करतेय, रोज सकाळी, पाण्याच्या घोटाबरोबर.