टेबलावर उमटलेला हात

तरणतलावाच्या काठावर सकाळपासून माणसांची रीघ लागली होती, आणि त्यातलं पोहायला कोणीच आलेलं नव्हतं. प्रत्येकाच्या काखेत काहीतरी होतं. कडक झालेलं बदक, तडकायला आलेली रिंग, शेपटी वाळलेला डॉल्फिन. उन्हाने आणि क्लोरीनच्या पाण्याने या हवा भरायच्या प्राण्यांची कातडी पत्र्यासारखी झाली होती. घडी उलगडली तरी कुरकुरायची. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उंच खुर्चीवर महाराज बसले होते. भक्तांनी दिलेलं नाव मृदुनाथ. आमच्या घरात मऊमहाराज, अर्थात वहिनी नसताना.

"काय आणलंस, बाळ?"

साठीची बाळ पुढे सरकली. "मगर आहे, महाराज. नातवाची. हात लावला तर मोडेल असं वाटतं."

"मगर नाही कडक झाली. घर कडक झालंय. घरात कोण ताठ वागतं?"

बाईंना फार विचार करावा लागला नाही. "सून," त्या म्हणाल्या.

महाराजांचा हा नेम कधी चुकत नसे. कोणत्याही घरात कोणीतरी ताठ वागतंच. मग ते मगरीला बाटलीतलं तेलकट 'मृदुतीर्थ' चोळायचे, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे आणि ती काळ्या कापडात गुंडाळून तापलेल्या पत्र्याखाली ठेवायला लावायचे. दुसऱ्या दिवशी मगर बाहेर निघायची ती लुसलुशीत. जयजयकार व्हायचा. सून मात्र होती तशीच राहायची, पण तिला काळ्या कापडात गुंडाळता येत नाही, हेही खरंच.

आता एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मगर खरोखरच मऊ व्हायची. मी स्वतः दाबून पाहिली होती. भोंदूगिरी पूर्ण खोटी असती तर तिच्यामागे कोणी गेलं नसतं. तिच्यात एक खरा तुकडा असतो, आणि बाकीचं सगळं त्या तुकड्याच्या उधारीवर चालतं.

महाराजांनी ही उधारी लवकरच वाढवली. "जो मेलेल्या प्लॅस्टिकला मऊ करतो, त्याला जिवंत गुडघा किती अवघड?" असं त्यांनी एकदा भक्तांना विचारलं. या प्रश्नाचं खरं उत्तर 'फारच अवघड' असं आहे, पण ते कोणी दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून रांगेत बदकांबरोबर गुडघे उभे राहू लागले.

त्या रांगेत माझी वहिनी होती.

वहिनी बायकांचे केस कापते. चौकातलं छोटं सलून तिने स्वतःच्या हिमतीवर उभं केलंय. तिला सांधेवात झाला, बोटं सुजून आखडू लागली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, "या मधेच सोडायच्या नाहीत. बोटं वाचवायची असतील तर हाच काळ आहे." वहिनी गोळ्या नेमाने घेत होती. मग तिने महाराजांना गोळ्यांबद्दल विचारलं.

महाराज हसले. "गोळी कशी असते, बाळ?"

"म्हणजे? गोल असते."

"कडक असते! कडक वस्तू पोटात घालून बोट मऊ कसं होईल?"

या युक्तिवादाने वहिनीच्या गोळ्या बंद झाल्या. दादाने समजावून पाहिलं, मी चिडवून पाहिलं. "भावजी, तुम्हाला सगळ्यातच विनोद दिसतो," ती म्हणाली. "कात्री धरताना कळ माझ्या हातात येते, तुमच्या नाही."

रोज संध्याकाळी ती उजव्या हाताला मृदुतीर्थ चोपडायची आणि महाराजांच्या आज्ञेप्रमाणे हात पालथा करून, जागेवरून न हलवता, त्यांच्या फोटोसमोर टेकवून बसायची. फोटो खिडकीजवळच्या जेवणाच्या टेबलावर होता.

आणि एका सकाळी दादाकडून फोन आला. आवाज दबका. "तुम्ही दोघं या बाबा लवकर. आमच्याकडे चमत्कार झालाय. मला चहासुद्धा मिळालेला नाही."

आम्ही पोचलो तर दाराबाहेर चपलांचा ढीग. आत टेबलाभोवती शेजारीपाजारी हात जोडून उभे. टेबलावरच्या जुन्या प्लॅस्टिकच्या कव्हरवर, फोटोच्या बरोबर समोर, माणसाचा एक पंजा उमटला होता. आजूबाजूच्या कडक कव्हरमधून तो किंचित वर आलेला, रंगाने गडद, पाचही बोटं स्पष्ट.

"महाराजांचा हात!" शेजारचे मॅनेजरकाका कुजबुजले. बँकेत जन्मभर सह्या ताडून पाहिलेला माणूस. "अंगठा बघा अंगठा. सामान्य माणसाचा अंगठा असा नसतो."

माझी बायको शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तिने वाकून पाहिलं, कव्हर चिमटीत धरून पाहिलं, बोटाचा वास घेतला. मग म्हणाली, "वहिनी, जरा तुमचा हात द्या."

तिने तो हात हळूच ठशावर ठेवला. अंगठ्यावर अंगठा बसला, बोटांवर बोटं. दुखण्याने आत वळलेली करंगळी वळलेल्या करंगळीवर अगदी चपखल बसली.

मॅनेजरकाकांनी जोडलेले हात हळूहळू खिशात घातले.

वहिनीचे डोळे मात्र भरून आले. "म्हणजे महाराजांनी माझाच हात पावन केला!"

श्रद्धेचं असं असतं. जमिनीवर आपटली की चेंडूसारखी आणखी वर उडते.

"वहिनी, हे कव्हर आधी कसं होतं?" बायकोने विचारलं.

"उन्हाने पार ताठलं होतं. घडीवर चिरा पडल्या होत्या. ह्यांना कधीची सांगतेय, नवीन आणा."

दादाने खिडकीबाहेर पाहिलं.

"आता ठशाच्या जागी दाबून बघा."

"मऊ आहे."

"आणि बोट वाकवून बघा."

वहिनीने प्रयत्न केला. करंगळी हलली नाही. शेजारच्या बोटाने थोडं मनावर घेतलं आणि सोडून दिलं.

"गुण आलाय, वहिनी. पण तो कव्हरला आलाय."

एवढ्यात ठशाची बातमी लागून खुद्द महाराज आले. कव्हर दर्शनासाठी शेडमध्ये न्यावं असा त्यांचा मानस होता. बायको म्हणाली, "अवश्य न्या. त्याआधी एक छोटा प्रयोग." तिने दादाच्या माळ्यावरून पोहायला शिकताना मुलं दंडात घालतात त्या फुग्यांची जुनी जोडी काढली. दोन्ही सारखेच कडक. "एकावर तुम्ही मंत्र म्हणा, तेल लावायचं नाही. दुसऱ्याला मी तेल लावते, मंत्र म्हणत नाही. आणि तेल माझं. प्लॅस्टिकचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानातून आणते."

"मंत्र आणि तीर्थ वेगळे करता येत नाहीत," महाराज म्हणाले.

"शक्ती तीर्थात आहे की तुमच्यात?"

भक्त महाराजांकडे बघत होते. "माझ्यात," ते म्हणाले, आणि अडकले.

महाराजांनी एका फुग्यावर भरपूर मंत्र म्हटला. बायकोने आणलेलं तेल दुसऱ्या फुग्याला चोळलं; चोळताना तोंडाने ती भाजीची यादी म्हणत होती. दोन्ही फुगे वेगवेगळ्या काळ्या कापडात गुंडाळून, वेगवेगळ्या डब्यांत घालून कुलूप लावलं आणि गच्चीवर उन्हात ठेवले. किल्ल्या वहिनीकडे. सगळ्यांत जास्त विश्वास तिचा होता, म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीनेच डबे उघडले. भाजीच्या यादीचा फुगा तिने दुमडला. तो मुकाट्याने दुमडला गेला. मग मंत्राचा फुगा दुमडला. तो कुरकुरला आणि टचकन चिरला.

महाराजांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, "शक्ती प्रचंड होती. शेजारच्या डब्यात ओसंडली."

मॅनेजरकाका मान डोलावणार होते, तेवढ्यात वहिनी बोलली. आवाज अगदी बारीक होता.

"महाराज, ती डब्यातून डब्यात गेली. मग माझ्या बोटात का नाही गेली? माझा हात तर तुम्ही कितीदा हातात धरला होता."

शेडमध्ये भक्त ताटकळलेत असं म्हणून महाराज उठले. कव्हर नेलं नाही.

मग बायकोने सांगितलं ते असं. "ही खेळणी, हे कव्हर, सगळं पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकचं. पीव्हीसी मुळात कडकच. नळाचा पाइप आणि शेडमधली मगर सख्खी भावंडं आहेत. मगर मऊ करायला कारखान्यात त्यात प्लॅस्टिसायझर नावाचा तेलकट द्रव मिसळतात. पीव्हीसीच्या लांबलांब साखळ्या एकमेकींना घट्ट धरून असतात. हा मधे शिरतो आणि पकड सैल करतो. वर्षानुवर्षं ऊन लागलं, पाणी लागलं की तो निघून जातो, म्हणून खेळणी ताठतात. तोच, म्हणजे महाराजांचं तीर्थ, परत चोळून उबेत ठेवला की ती पुन्हा मऊ होतात. जास्त झाला तर चिकट होतात, फुगतात, या कव्हरसारखी. माणसाचा सांधा पीव्हीसीचा नसतो. आणि हे अंगाला चोळायचं तेल नाहीच."

"एवढंच?" मॅनेजरकाका जरा नाराजीनेच म्हणाले.

"एवढंच."

संध्याकाळी दादा वहिनीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाई रागावल्या नाहीत; रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दादा म्हणतो. त्यांनी एकेक बोट वाकवून पाहिलं. बाकीची बोटं गोळ्यांनी बरीचशी वळणावर येतील, म्हणाल्या. करंगळी गेली. ज्या काळात ती वाचली असती, तो काळ वहिनीने टेबलावर हात टेकवून घालवला होता.

वहिनी आता करंगळी बाजूला ठेवून कात्री धरायला शिकते आहे. पहिलं डोकं तिने दादाचं घेतलं. त्याबद्दल दादा काही बोलत नाही, टोपी घालतो.

म्हणून सांगायचं ते इतकंच. चमत्कार डोळ्यांनी दिसला तरी घाई करू नका. मंत्र एकीकडे काढा, तेल एकीकडे काढा, आणि कशावाचून काम अडतं ते बघा. याला पदवी लागत नाही, एक दिवसाचा धीर लागतो. खेळणं वर्षभर ताठून पडलं तरी त्याचं काही बिघडत नाही. माणसाच्या शरीराला तेवढी सवड नसते. तेव्हा चालू औषध बंद कर असं जो स्वतः डॉक्टर नसताना सांगेल, तो कितीही गोड बोलत असो, त्याच्यासमोरून उठा आणि सरळ दवाखान्यात जा.